तळाशी एक झाकण हवं

आईच्या बोटांचे सांधे आखडले तेव्हापासून साधा टूथब्रश तिच्या हातात ठरत नाही. बारीक दांडी घट्ट धरायची म्हटलं की अंगठा दुखतो, फिरवायची म्हटलं की मनगट. दातांच्या डॉक्टरांनीच तिला बॅटरीवर चालणारा ब्रश घ्यायला सांगितलं. त्याची मूठ जाडजूड असते, घासण्याचं काम तो स्वतः करतो, आपण तो फक्त एकेका दातावरून सावकाश न्यायचा. पुष्कळांना ही चैन वाटते. पण संधिवात असलेल्यांना, कंप असलेल्यांना, अर्धांगवायूने एक हात अधू झालेल्यांना तो आपले दात आपण घासण्याची मुभा देतो. धडधाकट माणसांनाही त्याचा उपयोग आहेच. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली.

आईचा हा ब्रश हळूहळू मंदावत गेला. रात्रभर चार्जिंगला लावला तरी सकाळी वरचे दात होईपर्यंत त्याला धाप लागायची आणि खालच्या दातांना तो बंद पडायचा. कंपनीच्या सेवा केंद्रात नेला. काउंटरवरच्या मुलाने तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. ‘मॅडम, हा उघडत नाही. नवीनच घ्यावा लागेल.’ मोटर चालू, बटण चालू, चार्जरचा दिवा चालू. थकला होता तो आतला एक सेल, आणि त्याच्यासाठी अख्खं यंत्र कचऱ्यात टाका, असं मला सांगितलं जात होतं.

रिचार्ज होणारा सेल झिजतोच. दर चार्जिंगला त्याची साठवणूक किंचित कमी होते, आणि काही वर्षांत तो दोन मिनिटांच्याही कामाचा राहत नाही. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रोक्सोडेंट नावाचा विजेवरचा ब्रश आला, तो वायरीवर चालायचा. १९६१ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने बिनवायरीचा, रिचार्ज होणारा ब्रश बाजारात आणला. वायर गेली, सोय झाली, पण तेव्हापासून ब्रशचं आयुष्य सेलच्या आयुष्याला बांधलं गेलं. सेल निकामी होणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरीही त्याच्यापर्यंत पोचायला वाट ठेवलेली नसते.

मी तो ब्रश घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेले. तिथे टेबल टाकून बसणाऱ्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी तो कानाशी धरून चालवला आणि म्हणाले, ‘ताई, मोटरचा आवाज साफ आहे. सेल गेलाय फक्त. बसा.’

तळाच्या झाकणाच्या फटीत त्यांनी पातळ पातं घातलं आणि गोल फिरवत फिरवत, कुठेही जोर न करता झाकण उचकलं. मग ब्रशचं डोकं काढून वरची धातूची काडी टेबलावर टेकवून दाबली, तशी आतली सगळी यंत्रणा खालून सरकत बाहेर आली. तळाशी तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं होतं. चार्जरमध्ये असंच दुसरं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्या क्षेत्रामुळे ब्रशमधल्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं हेच तत्त्व. मधे धातूचा स्पर्श कुठेच नाही, म्हणून ओल्या बाथरूममध्येही चार्जिंग सुरक्षित राहतं.

वेटोळ्याच्या वर सर्किटची चिंचोळी पट्टी आणि तिला पाठ लावून सेल. सेलच्या एका टोकाला पांढरी भुकटी फुटून आली होती आणि शेजारचं तांबं हिरवं पडलं होतं. काकांनी आधी मोबाइलवर फोटो काढला. अधिक कुठे, उणे कुठे, हे नंतर डोक्यात राहत नाही आणि उलटा लावला तर सर्किट जळतं. मग कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन ती भुकटी पुसली. सेलमधून झिरपलेला द्राव अल्कली असतो, तो आम्लाने निघतो. मग स्पिरिटने पुसून जागा कोरडी केली.

नवा सेल आणायला त्यांनी मलाच समोरच्या दुकानात पाठवलं आणि बजावलं, ‘टॅबवाला मागा. साधा आणू नका.’ टॅब म्हणजे सेलच्या दोन्ही टोकांना कारखान्यातच जोडलेल्या निकेलच्या पट्ट्या. सोल्डर त्या पट्टीला करायचं. सेलच्या अंगाला थेट सोल्डरगन टेकवली तर उष्णतेने आतलं सील बिघडतं. जुन्या सेलवर निकेल मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट असं लिहिलेलं होतं. तेव्हा नवाही त्याच जातीचा आणि त्याच मापाचा हवा. काही ब्रशांत ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो. या दोन जातींची अदलाबदल कधीही करायची नाही, कारण चार्जिंगचं सर्किट एकाच जातीसाठी बांधलेलं असतं आणि चुकीच्या चार्जिंगने लिथियम सेल पेट घेऊ शकतो. फुगलेल्या लिथियम सेलला तर घरी हातच लावू नये.

सेल दोनशे रुपयांच्या आत मिळाला. काकांनी तो बसवला, झाकणाची रबरी कडी पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा हात दिला आणि झाकण दाबून बंद केलं. मजुरी धरूनही नव्या ब्रशच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ होता. आई आता वरचे आणि खालचे, दोन्ही दात एका दमात घासते.

ही यंत्रं सीलबंद का करता असं कंपन्यांना विचारलं की उत्तर येतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. पाण्याची भीती खरी आहे. पण मनगटावरची वॉटरप्रूफ घड्याळं घ्या. त्यांच्या पाठीला झाकण असतं, झाकणाखाली रबरी कडी असते, आणि कोपऱ्यावरचा घड्याळजी त्यातला सेल बदलून देतो. पाणी अडवणं आणि झाकण उघडता येणं या दोन गोष्टी एकाच वस्तूत कितीतरी वर्षं सुखाने नांदत आहेत. ब्रशला हे जमत नसेल तर अडचण पाण्याची नाही, ते जमवावं असं कुणाला वाटत नाही ही आहे.

युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांचा नवा कायदा केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, आणि त्या मॉडेलचा शेवटचा नग विक्रीला आल्यानंतर किमान पाच वर्षं ती सुटी मिळाली पाहिजे. पाण्यात वापरायच्या, धुवायच्या उपकरणांना यात सवलत आहे, पण तीही पूर्ण सूट नाही. अशी बॅटरी निदान स्वतंत्र कारागिराला तरी बदलता आली पाहिजे, असं कायदा म्हणतो. म्हणजे तपकीर गल्लीतल्या काकांसारख्यांचं काम तिथे कायद्याने मान्य केलेलं आहे.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्याची चार क्षेत्रं. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण बॅटरी गोळा करायची तर ती आधी यंत्रातून निघाली पाहिजे. आतच कोंडलेला सेल प्लॅस्टिकसकट घंटागाडीत जातो आणि कुठल्याच नियमाच्या हाती लागत नाही. म्हणून बॅटरी सुटी निघेल अशीच बांधणी हवी, ही अट भारतातही हवी, आणि ती ब्रश, ट्रिमर, शेव्हर अशा लहान वस्तूंनाही हवी.

तोवर विकत घेताना आपण विचारू शकतो. यातला सेल कोणता आहे? तो बदलून मिळतो का? किती रुपयांत? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर त्याने कंपनीला विचारावं, असा आग्रह धरावा. आणि तुमच्या घरात असा ब्रश आत्ता बंद पडून असेल, तर टाकण्याआधी तो एकदा दुरुस्तीच्या टेबलावर न्या. बहुतेक वेळा मोटर शाबूत असते.