फोनवर ‘जारण’ बघणाऱ्यांस

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. सिनेमे भरपूर बघतात, त्यावर ठासून बोलतात आणि आमच्या कट्ट्यावर त्यांच्या शब्दाला वजन आहे. परवा त्यांनी निकालच देऊन टाकला. थिएटरात जाऊन बघायचे ते ‘छावा’, ‘पुष्पा २’ आणि ‘कांतारा’. बाकीचे सिनेमे, त्यातून मराठी, थोड्याच दिवसांत फोनवर येतात. त्यासाठी पेट्रोल जाळायचं, पार्किंग शोधायचं आणि माणशी दोन-अडीचशे रुपये घालायचे कशाला? मोठा पडदा मोठ्या पिक्चरसाठी, घरगुती पिक्चर घरी. कोल्हापूरकराला तर हे सांगायलाच नको, आपण पहिल्यापासून भव्य बघणारी माणसं, असंही वर ऐकवलं. आणि पुरावा म्हणून ‘जारण’ पुढे केला. ‘‘एवढं नाव ऐकलं होतं, पण भीती कुठं हाय त्यात?’’

कट्ट्यावरच्या चार जणांनी माना हलवल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, बघितला कसा? तर पहिली रात्र अंथरुणावर पडून, नातवंडं उठू नयेत म्हणून आवाज बारीक करून, मध्यंतरापर्यंत. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी जेवताना. मध्ये दोन फोन आले, ते घेतले.

हा माणूस म्हणतो भीती वाटली नाही. कशी वाटेल?

हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ जून २०२५ मध्ये लागला, तेव्हा बाहेर पावसाची झड होती आणि मी संध्याकाळच्या खेळाला गेलो होतो. तीस-पस्तीस डोकी असतील. विकायला काढलेल्या आपल्या जुन्या वाड्यात राधा परत येते आणि लहानपणी त्याच वाड्यात भाड्यानं राहून गेलेल्या गंगुटीची सावली तिच्या मागं लागते, एवढंच सांगतो; ज्यांनी बघितला नसेल त्यांची मजा घालवत नाही. यात भुतं अंगावर धावून येत नाहीत. करणी खरी की राधाच्या मनाला झालेली जखम खरी, हा संशय गुप्ते शेवटपर्यंत जागा ठेवतात. आणि संशय दिसतो कुठं? अमृता सुभाषच्या डोळ्यांत. तो डोळा फोनवर केवढा दिसतो? मसुरीच्या डाळीएवढा. पडद्यावर तो डोळा आपल्यापेक्षा मोठा असतो, आपल्याकडे बघत असतो, आणि आपल्याला खुर्चीवरून उठून जायला जागा नसते.

माझ्या मागच्या रांगेत कॉलेजची चार पोरं होती. सुरुवातीला प्रत्येक प्रसंगावर त्यांची टिप्पणी चालली होती. अनिता दातेची गंगुटी पहिल्यांदा नीट दिसली तेव्हा ती थोडी कमी झाली. मध्यंतराआधी पूर्ण थांबली. मध्यंतरात दिवे लागले तरी ती चौघं लगेच उठली नाहीत, एकमेकांकडे न बघता बसून राहिली. पुढं बसलेल्या बाईंनी मांडीवरचा पॉपकॉर्नचा पुडा कधीच खाली ठेवला होता आणि शेजारणीचं मनगट धरून ठेवलं होतं. अंधारात हे सगळं कळत होतं. भीती माणसाकडून माणसाकडे जाते, यात्रेत गर्दी ढकलत येते तशी. मागून श्वास रोखल्याचं जाणवलं की आपलाही श्वास रोखला जातो. थिएटरात आवाज पाठीमागून येतो, डाव्या कानाशी पाऊल वाजतं. फोनचा आवाज येतो तळहातातून, आणि तोही आमच्या गृहस्थांनी बारीक करून ठेवलेला.

सगळ्यात मोठी गोष्ट अंगठ्याची. फोनवर सिनेमा बघताना अंगठा थांबवायच्या खुणेवर टेकलेला असतो. जी गोष्ट कधीही थांबवता येते तिची भीती वाटत नाही, हा साधा नियम आहे. पाळण्यात बसल्यावर तो वर गेला की ‘थांबवा’ म्हणून उपयोग नसतो, म्हणून पोटात गोळा येतो. आमच्या गृहस्थांनी पाळणा जमिनीवर उभा ठेवला, शेजारी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघितलं आणि निकाल दिला की यात काही दम नाही.

आणि हे फक्त भयपटाचं नाही. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मार्च २०२५ मध्ये लागला. मी सकाळच्या खेळाला गेलो, आम्ही मोजून अकरा जण होतो. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची शिकणारी मुलगी सविता. तिला बघायला पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची. ते जातात. दुसरे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा तेच, पुन्हा तीच बैठक. पहिल्या वेळी अकरा जणांपैकी दोघं-तिघं हसले. दुसऱ्या वेळी हसू कमी आलं. पुढं कुणीच हसलं नाही, आणि माझ्या दोन खुर्च्या पलीकडे बसलेले माझ्याच वयाचे एक गृहस्थ खाली मान घालून चष्मा पुसत होते. मुलगी बघायला आपणही गेलो होतो, तेव्हा आपणही हेच विचारलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. मला तर आठवलंच. पन्नाशी उलटल्यावर, सकाळी साडेअकरा वाजता, परक्या दहा माणसांत बसून मला स्वतःच्या एका जुन्या वागण्याची लाज वाटली.

हाच सिनेमा फोनवर बघताना दुसऱ्या बैठकीला माणूस काय करेल? दहा सेकंद पुढं. आणखी दहा सेकंद पुढं. ‘तेच तेच चाललंय.’ अहो, तेच तेच हाच तर त्या मुलीचा छळ आहे! तिला पुढं ढकलायची सोय नाही. ती बसते तेवढा वेळ आपणही बसलो तरच तो सिनेमा आपल्यापर्यंत पोहोचला.

‘दशावतार’चं थोडक्यात सांगतो. सुबोध खानोलकरांच्या या सिनेमात वयाच्या ८१व्या वर्षी दिलीप प्रभावळकर नजर अधू होत चाललेल्या दशावतारी कलावंताची भूमिका करतात. मध्यंतरानंतर कथा सुडाच्या वाटेला लागते आणि तिथं ती सैल होते, असं माझं मत आहे. पण रंग चढवलेला तो चेहरा पडद्यावर येतो तेव्हा सगळं थिएटर सावरून बसतं. देवळापुढं रात्रभर माणसं जमवून होणारी ती कला. ती एकट्यानं कूस बदलत बघायची?

आता त्यांच्या मोठ्या सिनेमांकडे येऊ. मी त्यांचा वैरी नाही. ‘छावा’ मी दोनदा बघितला. त्यातल्या लढाया चांगल्या आहेत, पार्श्वसंगीत मात्र अनेक ठिकाणी दृश्यावर चढून बसतं. पण लढायांपेक्षा माझ्या मनात राहिला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब. थकलेला, संथ, डोळ्यांनी बोलणारा. एवढ्या घोडे-तोफांच्या पसाऱ्यात एक म्हातारा नुसता बसून राहतो आणि भारी पडतो. म्हणजे ज्या सिनेमाचा दाखला तुम्ही भव्यतेसाठी देता, त्यातही पडदा सार्थकी लागतो तो एका चेहऱ्यापाशी. ‘कांतारा’चंही तसंच. २०२२ साली पहिला ‘कांतारा’ आला तेव्हा तो कुठं मोठा होता? किनारी कर्नाटकातल्या भूतकोलाची गोष्ट, आपल्याकडे कुणाला ठाऊक नसलेला नट-दिग्दर्शक. लोक थिएटरात जाऊन बसले, बाहेर येऊन दुसऱ्याला सांगत सुटले, तेव्हा तो मोठा झाला. आमच्या गृहस्थांचा नियम त्या वेळी सगळ्यांनी पाळला असता तर २०२५ चा भव्य ‘कांतारा’ त्यांना बघायलाच मिळाला नसता.

‘‘कोल्हापूरकर भव्य बघणारा’’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. हे ज्या गावात बोललं गेलं त्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२३ साली ‘सिंहगड’ केला, रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम दिवे लावून. हे आमच्या गृहस्थांना पाठ आहे. पण दोनच वर्षांनी, १९२५ साली, त्याच कंपनीनं, त्याच माणसाच्या हातून ‘सावकारी पाश’ केला, हे ते सोयीस्कर विसरतात. त्यात ना गड, ना देव. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणारा शेतकरी आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. मूकपटाचे दिवस, आणि पेंटर काय दाखवतात? मिणमिणत्या उजेडातली झोपडी आणि बाहेर भेसूर रडणारं कुत्रं. ज्यांनी ते बघितलं त्यांच्या ते जन्मभर लक्षात राहिलं. त्या मूकपटाची प्रत आज आपल्या हाती नाही, आणि तरी शंभर वर्षं उलटून गेल्यावर त्या झोपडीबद्दल बोललं जातं. पौराणिकाला सरावलेल्या प्रेक्षकांनी त्या वेळी त्याला डोक्यावर घेतलं नाही, हे खरं. म्हणून तो करायला नको होता? या गावानं गड आणि झोपडी, दोन्ही एकाच मापाच्या पडद्यावर दाखवली. हा आमचा वारसा आहे, तो अर्धा कापून सांगू नका.

राहिले त्यांचे किरकोळ मुद्दे. तिकीट महाग आहे: आहे, मान्य. मराठीत टाकाऊ सिनेमे निघतात: निघतात, हिंदीत आणि तेलुगूतही निघतात. छोट्या सिनेमाला लोक येत नाहीत: २०१६ च्या ‘सैराट’मधली पोरं कोण होती? २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून, भिशीची सगळी मंडळी घेऊन आल्या, ते मी डोळ्यांनी बघितलं. जुलै २०२५ मध्ये दोन नवख्या चेहऱ्यांच्या ‘सैयारा’ला पोरापोरींनी थिएटरं भरली. त्यात ना तोफा, ना घोडे.

लोक येत नाहीत म्हणणाऱ्यांनी खेळाच्या वेळाही बघाव्यात. मराठी सिनेमा सकाळी साडेअकराला किंवा दुपारी तीनला. नोकरदार माणूस त्या वेळी कसा येणार? दुसऱ्या शुक्रवारी तो उतरलेला असतो आणि वर ‘चालला नाही’ म्हणून शिक्का. हे भांडण जुनं आहे. २०१५ साली मल्टिप्लेक्सांनी मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा असं सरकारनं ठरवलं, आरडाओरडा झाला, आणि मग प्राइम टाइमच दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणला गेला. दुपारी बारा वाजता कोणत्या घरात प्राइम टाइम असतो? तेव्हाही मी कट्ट्यावर हेच विचारलं होतं आणि तेव्हाही हेच गृहस्थ म्हणाले होते की बाजार आपोआप ठरवतो. आपोआप काही ठरत नाही. कुणीतरी खेळ लावतो, कुणीतरी काढतो.

माझं म्हणणं लांबलचक नाही. सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात जावं, कारण दुसरा आठवडा त्याला मिळेलच असं नाही. एक लढायांचा, एक घरातला, एक भीतीचा, असं आलटून पालटून बघावं. आणि थिएटरवाल्यांनी आठवड्यातला निदान एक संध्याकाळचा खेळ लहान सिनेमाला द्यावा. ‘उमा टॉकीज’ म्हटलं की आमचा रिक्षावाला आजही बरोबर चौकात आणून सोडतो, ‘व्हीनस’ म्हटलं की कॉर्नरला. या गावातले पत्ते टॉकीजच्या नावानं चालतात. आता जे पडदे उरलेत तिथं वर्षातून चार मोठ्या पिक्चरांपुरतंच जायचं ठरवलं, तर बाकीचे आठवडे ते कशावर उघडे ठेवायचे, याचं उत्तर आमच्या गृहस्थांनी दिलेलं नाही.

त्यांना मी कट्ट्यावरच सांगून आलोय. ‘जारण’ पुन्हा कुठं पडद्यावर लागला, एका खेळापुरता का होईना, तर तिकीट माझं. रात्रीचा खेळ, मधली रांग. फोन बंद करून माझ्याकडे द्यायचा.