विहिरीची जागा आणि भूगर्भाचें चित्र

महाराष्ट्राच्या भूमीपैकीं शेंकडा ऐंशीहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यांत पाणी सर्वत्र सांपडत नाहीं. खडक जेथें कुजलेला, भेगाळलेला किंवा मांजऱ्या असेल तेथेंच तें सांठतें. त्यामुळें एका विहिरीस बारमाही पाणी, तर बांधापलीकडे तीन बोअर घेऊनहि नुसती धूळ, हा अनुभव पुष्कळांस आहे. कर्ज काढून घेतलेला बोअर कोरडा गेला म्हणजे त्याचा भार संसारावर वर्षानुवर्षें राहतो. म्हणून जमिनीच्या पोटांतील चित्र काढण्याच्या शास्त्राकडे शेतकरी वर्गानें लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें.

या शास्त्राचें तत्त्व अवघड नाहीं. जमिनीवर घणाचा ठोका मारला कीं त्याची लहर आंत पसरते. कोरड्या मातींत ती सेकंदास सुमारें 300 ते 600 मीटर चालते, कुजलेल्या खडकांत याहून जलद, आणि अभंग पाषाणांत 5000 मीटरांच्या आसपास. ओळीनें बसविलेलीं कंपनग्राहक यंत्रें ती केव्हां पोंचली हें टिपतात, व त्या वेळांवरून आंतील थर गणितानें काढतां येतात. 1976 मध्यें अकी व ली या शास्त्रज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील लहान भूकंपांच्या लहरींवरून भूगर्भाचें असें चित्र काढण्याची रीत मांडली. रुग्णालयांतील सी. टी. स्कॅनप्रमाणेंच, अनेक दिशांनीं एकमेकींस छेदणाऱ्या रेषा जितक्या अधिक, तितकें चित्र स्पष्ट.

परंतु आपल्या भूमींत एक मोठी अडचण आहे. दख्खनचा पाषाण लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला आहे. पुष्कळदां वर कठीण थर व त्याखालीं मऊ, पाणी धरणारा थर असतो. वरून ठोका मारून केलेल्या मोजणींत प्रथम पोंचणारी लहर कठीण थरांतूनच धांवत येते. खालच्या मऊ थराची खूण तींत उमटत नाहीं. म्हणजे जो थर आपणांस हवा, नेमका तोच चित्रांतून गळतो. यावर उपाय म्हणजे यंत्रें खालीं उतरविणें. एका बोअरमध्यें ठोका व दुसऱ्यांत यंत्रें असलीं, तर लहरी आडव्या जातात आणि मधला मऊ थर उघड होतो.

येथेंच आपला हातभार लागूं शकतो. कोरडा गेलेला बोअर आपण नशिबास दोष देऊन विसरतों. शास्त्रज्ञास तोच भूगर्भांत डोकावण्याची खिडकी आहे. तो बुजवूं नये. मात्र त्यांत मूल पडूं नये म्हणून त्यावर लोखंडी झाकण पक्कें बसवावें. तसेंच खोदतांना किती फुटांवर कोणता खडक लागला, पाणी कोठें आलें, हें वहींत लिहून ठेवावें. अशा नोंदींशीं पडताळल्यावांचून कोणतेंहि चित्र भरंवशाचें होत नाहीं.

ही मोजणी एकट्याच्या ऐपतीची नव्हे. दहा शेजाऱ्यांनीं मिळून ओढ्याकांठची एक सलग पट्टी मोजून घ्यावी. लहर खडक दाखविते, पाणी नव्हे. यास्तव विद्युत्प्रवाहाच्या मोजणीची जोड द्यावी, आणि पाण्याची हमी देणारापासून, मग तो पाणाड्या असो वा यंत्रवाला, सावध राहावें. आपल्या संस्थेनें गांवोगांवच्या बोअरांची नोंदवही ठेवण्याचें काम प्रथम हातीं घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.