पिशवी तिची, उचल त्याची

दोस्ता, चौकात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतोस ना? मग ऐक. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचं भाषण रोहमांनी वाचलं. बाळंतपणाच्या कळा पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाच्या वर पोर कुणी होऊ दिलं नसतं, असं त्यात रोखठोक होतं. सभागृहानं ठराव पाडला.

आता बीडला चल. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशोब एक. मुकादम उचल मोजतो ती बहुतेक नवऱ्याच्या हातावर. ती पहाटे उठून भाकऱ्या थापते, फडात राबते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढते. पैसा तिच्या हाताला लागत नाही. पाळीत पोट दुखलं, एक दिवस कोपीत पडून राहिली, की खाडा. खाड्याचा दंड अंगावर चढतो. मग कुणीतरी म्हणतंच, पोरं झाली ना, आता पिशवी काय कामाची? टाक काढून. डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. ऑपरेशनला पैसा? पुन्हा उचल, पुन्हा फड. २०१९ साली सरकारी समितीनं ८२,३०९ बायकांची माहिती घेतली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या! हे साला कुटुंबाचं नियोजन की मुकादमाच्या हंगामाचं?

आणि तू, शहरातला क्रांतिकारक! हसू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभर जोडप्यांत अडतीस बायकांनी ऑपरेशन करून घेतलेलं. नसबंदी केलेले नवरे हजारात तीन. बिनटाक्याची, काही मिनिटांची गोष्ट, पण तुला म्हणे कमजोरी येते. १९७६ ची जबरदस्ती सांगू नकोस. ती झालीच, गरिबांना धरधरून झाली, त्याचा राग आम्हालाही आहे. पण त्या रागामागं तू किती वर्षं लपणार? तेव्हापासून सरकार पुरुषाला हात लावायला भितं आणि सगळं बायकांवर ढकलतं. तुझं आयतंच फावलं.

बायको नोकरीला, एटीएम कार्ड तुझ्या खिशात. तिसरं पोर नको म्हणाली तर आईला मधे घालतोस. मुकादमात आणि तुझ्यात फरक काय रे?

दसऱ्याच्या सुमाराला ट्रक निघतात. त्याआधी मुकादमाच्या वहीत तिचं नाव वेगळं चढलं पाहिजे, अर्धी उचल तिच्याच हातावर पडली पाहिजे. भांडायला वस्तीवर जायचंय. येणार असशील तर आधी ते कार्ड घरी देऊन ये.