उसन्या फूटपट्टीने मन मोजता येईल काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाण आणि चुनाभट्ट्यांचे गाव. अशा श्रमिक वस्तीत पाळीवर जाणारा बाप, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळणारी दहा वर्षांची बहीण आणि नातवंडांना निजवणारी आजी एकाच छपराखाली वाढत असतात. होय, वाढत असतात! मन केवळ बालपणी घडते असे नाही. ते अखेरपर्यंत घडत राहते, हे मानसशास्त्रालाही आता मान्य आहे.

परंतु हे मन मोजायचे कोणत्या मापाने? शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासाच्या आठ अवस्था घोकल्या जातात. ‘मी कोण?’ हा पौगंडावस्थेतील प्रश्न पडण्यापूर्वीच जिच्या खांद्यावर घराचा भार येतो, त्या बहिणीचे स्थान यात कोणते, हे मात्र कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये तेथील प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिके तपासली. अभ्यासिलेल्यांपैकी ९६ टक्के व्यक्ती पाश्चात्त्य उद्योगप्रधान देशांतील निघाल्या. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा अवघा १२ टक्के! उरलेल्या जगाने आपले मन या निष्कर्षांत का शोधावे?

गंमत अशी की, स्वतः एरिक्सन १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरील परिसंवादासाठी अहमदाबादला आले होते. त्यांना भारत पाहावासा वाटला. आपल्या विद्वानांना मात्र त्यांचे पुस्तक पुरेसे वाटते.

तथापि दोष केवळ पश्चिमेच्या माथी मारून चालणार नाही. ‘आमच्याकडे चार आश्रम होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणारेही तितकेच दोषी आहेत. आश्रमव्यवस्था हा जीवनाचा आदर्श आहे. प्रत्यक्ष माणसाचे निरीक्षण नव्हे. राजूरच्या आजीला वानप्रस्थ लाभतो काय, हे ग्रंथ उघडून कळणार नाही. तिच्या दाराशी जावे लागेल.

असे जाणारे महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचा मागोवा तारुण्यापर्यंत घेतला. दिसायला कृश, पण शरीरात तुलनेने अधिक चरबी बाळगणारे भारतीय अर्भक त्यांच्या मापनातून जगापुढे आले. ते पाश्चात्त्य कोष्टकात सापडले नव्हते. पुण्यातच १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापून मानसशास्त्राला शिक्षणाशी जोडले.

देहाच्या बाबतीत जी चिकाटी दिसली, ती मनाच्या बाबतीत गावोगाव का दिसू नये? १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीत तराजू पोहोचवला. बालकाचे वजन टिपले जाते. त्याचे भय, जिज्ञासा, बोलणे तितक्याच निष्ठेने टिपले जाते काय? स्वत्वाचा अभिमान भाषणांनी सिद्ध होत नसतो. राजूरसारख्या एका गावाची एक पिढी वीस वर्षे धीराने अभ्यासणे, हाच त्याचा पुरावा ठरेल.