खलनायकाला बालपण देऊ नका

हल्ली कुठल्याही वेब सिरीजचा सहावा एपिसोड सुरू झाला की मला धडकी भरते. पाच एपिसोड ज्याने माणसं मारली त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, पडदा पिवळट होतो, मागे बासरी वाजते आणि कोपऱ्यात रडणारा एक लहान मुलगा दिसतो. बाप दारुडा, आई गेलेली. माझा रूममेट चिप्सचं पाकीट बाजूला ठेवून म्हणतो, "बिचारा रे."

खलनायक तिथेच मेला. शेवटी हिरो त्याला गोळी घालतो ती नुसती औपचारिकता.

खलनायकाला दुःखी बालपण चिकटवणं हा आजच्या पटकथालेखकांचा सगळ्यात मोठा आळस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पात्राला खोली आली' असं म्हणून आपण या आळसाचं कौतुक करतो. खरं तर त्यातून आपलीच सोय होते. ती कशी, ते शेवटी सांगतो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे रात्री सर्व्हर झोपला की सकाळी एक डॉक्युमेंट लिहितात. कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त 'असं का झालं?' हे पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. मूळ सापडलं की तिकीट क्लोज. यंत्रणेसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण लेखकांनी ती माणसांना लावलीय. गोळी का झाडली? राग होता. राग का होता? बाप मारायचा. तिकीट क्लोज! समोर दोन रस्ते होते आणि त्याने त्यातला एक स्वतःहून निवडला, तो क्षण या डॉक्युमेंटमध्ये कुठेच नाही. आणि खलनायक तर त्याच क्षणात असतो. बापाचा मार खाल्लेली किती तरी मुलं मोठी होऊन शिक्षक होतात, रिक्षा चालवतात, पोरांना जीव लावतात.

'शोले' 1975 चा. गब्बर डाकू कशामुळे झाला, कुणाला माहितीय? इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं का? 2008 च्या 'द डार्क नाइट'मधला जोकर तर आपल्या चेहऱ्यावरच्या व्रणांची गोष्ट दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. 'का'ची जी खाज आपल्याला सुटते, तिची तो चक्क टिंगल करतो. मग 2019 मध्ये 'जोकर' आला आणि तीच खाज दोन तास खाजवून दिली. दोन्ही नटांना ऑस्कर मिळालं, दोघांचंही काम थोर. पण पहिल्याची भीती वाटते आणि दुसऱ्याची कीव येते.

"म्हणजे तुला जुने, नुसते खदाखदा हसणारे व्हिलन हवेत?" असं रूममेटने विचारलंच. नाही. 'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाळ आणि 'झपाटलेला'मधला तात्या विंचू यांचे स्टिकर माझ्याही फोनमध्ये आहेत. ते लक्षात राहतात, पण लहानपणीचं खेळणं लक्षात राहतं तसे. त्यांच्यामुळे माझी झोप उडत नाही.

माझी झोप हिंदुराव धोंडे पाटलाने उडवली. 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला 'सामना'. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळू फुल्यांचा हिंदुराव साखरसम्राट आहे. त्याने भागाचा विकास केलाय आणि त्याचा त्याला खरा अभिमान आहे. गावात आलेल्या दारुड्या मास्तरला, म्हणजे श्रीराम लागूंना, तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, स्वतःचं साम्राज्य हौसेने दाखवतो. आपल्यालाही हा माणूस आवडायला लागतो. आणि मग त्याच्याच घरी राहणारा, त्याचीच दारू पिणारा मास्तर एकच प्रश्न लावून धरतो: नाहीसा झालेल्या मारुती कांबळेचा. हिंदुरावच्या बालपणाने त्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे का? उलट एक फ्लॅशबॅक टाकला असता तर आपण मारुती कांबळेला विसरून हिंदुरावसाठी हळहळत बसलो असतो.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. गुन्हेगार आभाळातून पडत नाही, समाज त्याला घडवतो, मग तो समाज दाखवायचा नाही का? दाखवा ना! पण 'सैराट'सारखा दाखवा. आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि त्याचं काहीही वाकडं होत नाही. त्या एका थपडेत जात, पैसा, राजकारण सगळं येतं, तेही चालू वर्तमानकाळात. आणि शेवटी हीच माणसं माहेरच्या भेटवस्तू घेऊन दारात येतात. आर्ची त्यांच्यासाठी चहा करते. त्या चहाची भीती कुठल्या फ्लॅशबॅकने वाटली असती?

हिंदुरावची दारू आणि आर्चीचा चहा. लक्षात राहणारा खलनायक आपल्या इतक्या जवळ बसलेला असतो. त्याच्या ताटात आपण जेवलेलो असतो.

आता ती सोय. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एका मुलाला काढायचं वरून ठरलं. मॅनेजर मनाने चांगला. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा रात्री अकराला फोन करून "पैसे लागतील का?" म्हणून विचारणारा. तो मला कॉफीला घेऊन गेला आणि म्हणाला, "त्याचा फीडबॅक जरा स्पष्ट लिही, बस." स्पष्ट म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं होतं. मी लिहिला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. चांगली वाक्यं तेवढी मी गाळली. महिन्याभरात त्या मुलाची खुर्ची रिकामी झाली.

मॅनेजरचं बालपण कसं गेलं, मला ठाऊक नाही. माझं मात्र छान गेलं. बाबांनी कधी हात उगारला नाही, आई दर रविवारी शिरा करायची. मागे बासरी वाजवावी असं काहीच नाही.

खलनायक व्हायला जखम लागते, असं प्रत्येक सिरीज मला समजावते तेव्हा ती मला क्लीन चिट देत असते. तुला जखम नाही ना, मग तू त्यातला नाहीस, झोप निवांत. लेखकहो, ही झोप आम्हाला देऊ नका. तुमच्या खलनायकाला भरल्या घरातून येऊ द्या, त्याला आमच्यासाठी कॉफी मागवू द्या, आणि आम्ही ती प्यायलो हे कॅमेऱ्यात येऊ द्या.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे ऑफिसात कुणीच विचारलं नाही. मीही नाही. कॉफीचे पैसे मॅनेजरनेच दिले होते.