‘बूस्टर’ने नेमके काय वाढते?

पावसाळा लागला की पुण्यातल्या औषधांच्या दुकानांत ‘इम्युनिटी बूस्टर’च्या गोळ्या आणि काढे दर्शनी फळीवर येतात. इंग्रजीत वाढवण्यासाठी ‘इन्क्रीज’, ‘बूस्ट’, ‘एन्हान्स’, ‘ऑगमेंट’ असे अनेक शब्द आहेत. मराठीत या सगळ्यांना ‘वाढवणे’ म्हणून आपण मोकळे होतो. आरोग्यात मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘बूस्टर’ हा मूळचा लसीकरणातला शब्द. आधीच्या डोसमुळे शरीराला जंतूची जी ओळख झालेली असते, ती पुन्हा जागी करणारा डोस म्हणजे बूस्टर. बाळ दीड वर्षाचे झाले की मिळणारा त्रिगुणी लशीचा डोस हा त्यातलाच. त्याने वाढते ती त्या ठरावीक जंतूंविरुद्धची तयारी, सरसकट प्रतिकारशक्ती नव्हे. १० जानेवारी २०२२ पासून कोविडचा तिसरा डोस सुरू झाला, तेव्हा केंद्र सरकारने ‘प्रिकॉशन डोस’ असे नाव दिले. लोकांच्या तोंडी बूस्टरच राहिले. गोळ्यांच्या बाटलीवर मात्र कशाविरुद्धचे बूस्टर, हे लिहिलेले नसते.

‘एन्हान्स’ कानाला गोड, पण डेंगीच्या अभ्यासात तो धोक्याचा शब्द आहे. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला रोखायला अपुरी पडली, तर त्याला पेशीत शिरायला उलट मदतच करतात. दुसऱ्यांदा झालेला डेंगी अनेकदा जास्त गंभीर होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. फिलिपाइन्सने २०१६ मध्ये शाळकरी मुलांना ‘डेंगव्हॅक्सिया’ लस द्यायला सुरुवात केली. आधी डेंगी न झालेल्यांना लशीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढतो, असे उत्पादक कंपनीनेच २०१७ च्या अखेरीस जाहीर केले आणि मोहीम थांबली.

पुणेकरांना याहून जवळचे उदाहरण जानेवारी २०२५ चे. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही. बहुधा आधीच्या जंतुसंसर्गाविरुद्ध उभी राहिलेली फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. रुग्णांना दिलेली इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने होती ती हा हल्ला आवरण्यासाठी.