रानातल्या गाडीला फाटक हवं

हौसेने रानात जीप किंवा मोटारसायकल घालणाऱ्यांचा विषय निघाला की निसर्गप्रेमी मंडळींचं उत्तर तयार असतं. जंगलात इंजिनाचं कामच काय? अशांना वनखात्याने जागा आखून देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! भूमिका सोज्वळ आहे. पण ती अमलात आणायला गेलं की रानाचं नुकसान वाढतं, आणि याचा पुरावा अमेरिकेतल्या सरकारी वनांत पाहायला मिळतो. तिथे मोकळीक आणि बंदोबस्त दोन्ही करून झालं आहे.

फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला: सरकारी जमिनींवर अशा गाड्यांसाठी जागा आणि वाटा ठरवा, आणि ठरवताना माती, पाणी, झाडोरा, वन्यजीव यांना कमीत कमी त्रास होईल असं बघा. १९७७ साली कार्टर यांनी भर घातली की मोठं नुकसान दिसलं तर ती जागा ताबडतोब बंद करा. कागद उत्तम होता. व्यवहार मात्र पुढची तीसेक वर्षं कित्येक वनांत उलटाच राहिला. जिथे ‘बंद’ची पाटी नाही तिथे गाडी घालायला हरकत नाही, असा खाक्या. म्हणजे पाटी उपटली की रान मोकळं! २००५ च्या नियमाने हे फिरवलं. प्रत्येक राष्ट्रीय वनाने नकाशा काढायचा. त्यावर दाखवलेल्या वाटेवर गाडी चालेल, बाकी सगळीकडे मनाई. नकाशा फुकट मिळतो आणि तो पाहण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची. ‘पाटी दिसली नाही’ ही सबब तिथेच संपली.

आखीव वाटेचं समर्थन मी करतो ते गाडीवाल्यांची सोय म्हणून नव्हे, मातीकडे बघून. भुसभुशीत जमीन दबते ती बहुतांशी चाकांच्या पहिल्या काही फेऱ्यांतच. त्यानंतरच्या शंभर गाड्या तिला त्या प्रमाणात आणखी दाबत नाहीत. म्हणजे पन्नास जणांनी पन्नास नव्या वाटा पाडणं हे पन्नास जणांनी एकाच वाटेने जाण्यापेक्षा कितीतरी वाईट. दबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते चाकोरीतून धावतं, चाकोरीचा चर होतो आणि चराची माती ओढ्यात जाते. एका वाटेवर पाणी बाजूला काढणारे आडवे बांध घालता येतात, खडी टाकता येते. पन्नास चोरवाटांवर कोण घालणार?

ओहायोत भाच्याकडे गेलो असताना वेन नॅशनल फॉरेस्टमधला असा एक भाग पाहिला. आधी परवाना, डोक्याला हेल्मेट, आणि वाटांच्या तोंडाशी खुणा. मला पटली ती जागेची निवड. हे वनच मुळी कस गेलेली शेतं आणि कोळशाच्या खाणींनी पोखरलेली जमीन विकत घेऊन उभं राहिलेलं. १९३५ पासून खरेदी सुरू झाली. मंडे क्रीक परिसरातले काही ओढे अजून खाणीतल्या आम्लामुळे नारिंगी दिसतात. गाड्या फिरवायच्याच तर त्या अशा आधीच मार खाल्लेल्या जमिनीवर. आणि डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत वाटांना सरळ कुलूप, कारण तेव्हा जमीन ओली असते.

यावर प्रतिपक्ष टेलिकोचं नाव घेईल, आणि घ्यावंच. नॉर्थ कॅरोलायनातल्या नँटहाला वनात, जुन्या लाकूडतोडीच्या वाटांवर चारचाकीवाल्यांचं हे नावाजलेलं ठिकाण होतं. डोंगर उभे, पाऊस भरपूर, वाटा दाट. गाळ टेलिको नदीच्या उगमाकडच्या ओढ्यांत उतरू लागला. ते ओढे ब्रुक ट्राउट या तिथल्या मूळच्या माशाचं घर. मासेमारीची आवड असलेल्यांच्या संघटनेने कोर्टात जाण्याची नोटीस दिली आणि २००९ मध्ये वनखात्याने अख्खं ठिकाण कायमचं बंद केलं. ‘बघा, आखीव जागेचं हे असं होतं,’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: ते बंद कशामुळे करता आलं? जागा नोंदलेली होती, कोणत्या वाटेचा गाळ कोणत्या ओढ्यात जातो हे दाखवता येत होतं, आणि जाब विचारायला एक ठरलेलं खातं होतं. चोरवाटांवर दावा कोणावर लावणार? उभ्या, पावसाळी डोंगरावर इतक्या वाटा ठेवायला नको होत्या, हा धडा टेलिकोचा जरूर आहे. तो निवडीचा दोष आहे.

गाडीवाल्यांचा युक्तिवाद तर आणखी लंगडा. ‘सरकारी रान म्हणजे आमचंच, कर आम्ही भरतो.’ कॅलिफोर्नियात करातून सोय होते हे खरं. १९७१ च्या कायद्याने इंधनकराचा काही वाटा आणि या गाड्यांच्या नोंदणीची फी अशा जागांसाठी राखली गेली. पण त्याच कायद्याच्या छत्राखाली धुराड्यातून ठिणगी उडू नये म्हणून जाळी सक्तीची आहे, १९८६ पासूनच्या गाड्यांच्या आवाजाला ९६ डेसिबलची मर्यादा आहे, आणि हॉलिस्टर हिल्ससारख्या जागी पाऊस झाला की वाटा बंद होतात. कराची पावती दाखवणाऱ्यांनी हेही दाखवावं.

आपल्याकडे काय आहे? १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव वनात विनापरवाना घुसणं हा गुन्हा आहे, आणि गाडी घालायला सरकारने आखून दिलेली जागा शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. त्यामुळे ज्याची नवी थार दारात उभी आहे तो सुट्टीच्या दिवशी सड्यावर चढतो किंवा पुळणीवर उतरतो. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर कुठे कुठे बोटभर. कासची फुलं त्यावरच येतात. वेळासच्या वाळूत कासवं अंडी घालतात. या दोन्ही ठिकाणी गाडीला कायमची बंदी हवी, आणि ती खरोखर राबवायची तर दुसरीकडे जागा द्यावी लागेल. पुण्याभोवती दगड काढून संपलेल्या खाणी आहेत, त्यांपासून सुरुवात करा. (गोव्यातले खनिज मातीचे ढीग मात्र सुचवू नका, ते तसेही पावसात शेतांत उतरतात.) परवान्याचे पैसे त्याच जागेच्या डागडुजीला लागावेत आणि जून ते ऑक्टोबर फाटक बंद असावं.

या शेवटच्या अटीवर क्लबवाले भडकतील, हे ठाऊक आहे. खरी मजा चिखलातच, पावसाळा गेला की उरलं काय, असं ते म्हणतील. ज्याला चिखलाशिवाय करमत नाही त्याने स्वतःचं शेत घ्यावं आणि हवं तेवढं नांगरावं. त्याचा ओढा खालच्या गावात जात असेल तर गावकऱ्यांना आधी विचारावं.